युद्ध संपले, आणीबाणी उरली

सप्टेंबर महिना उजाडला की वर्तमानपत्रांचे रकाने १९६५ च्या युद्धाच्या आठवणींनी भरून जातात. ६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय फौजांनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने कूच केले, ही आठवण दरवर्षी सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. सैन्यात आमचीही माणसे होती आणि आहेत. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हापासून आमच्या वस्त्यांतली पोरे भरती होत आली आहेत. त्यामुळे देशप्रेमाचा दाखला कोणाकडून मागून घ्यावा अशी गरज आम्हाला कधी वाटली नाही.

परंतु त्याच ६ सप्टेंबरला दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र कोणी सांगत नाही. सीमेवर तोफा धडधडत असताना सर्वोच्च न्यायालयात एका मराठी पुस्तकाच्या हस्तलिखिताचा निकाल लागत होता. पुस्तक होते अणूच्या अंतरंगाविषयीचे. लिहिणारे होते प्रभाकर पांडुरंग संझगिरी, जे पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. चीनबरोबरचे युद्ध सुरू होताच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करून मुंबईच्या तुरुंगात ठेवले. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षा नाही. तुरुंगात बसून त्यांनी शासनाच्याच परवानगीने पुस्तक लिहिले आणि सप्टेंबर १९६३ मध्ये ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. मार्च १९६४ मध्ये नकार आला. मुंबई उच्च न्यायालयाने पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि हे पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे, त्यापासून देशाच्या संरक्षणाला काही धोका दिसत नाही असे म्हटले. तरीही महाराष्ट्र शासन अपिलात दिल्लीला गेले!

शासनाचा युक्तिवाद काय होता, तो नीट पाहा. स्थानबद्धाला नियमांनी जेवढे दिले आहे तेवढेच त्याचे हक्क. पुस्तक लिहून छापायला बाहेर पाठवण्याची सवलत नियमांत लिहिलेली नाही, म्हणून तो हक्क नाही. वाचकहो, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. गावगाड्याने आमच्या बापजाद्यांना शतकानुशतके दुसरे काय सांगितले? जे घातले तेवढे घ्या, जे सांगितले नाही ते करू नका. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी हा युक्तिवाद फेटाळला. स्थानबद्धतेच्या अटी ही मेहेरबानीची यादी नव्हे. जे बंधन कायद्याने घातलेले नाही ते तुरुंगाच्या अधिकाऱ्याला लादता येणार नाही, असा निकालाचा अर्थ होता. हस्तलिखिताची वाट मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, त्याच न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहिया यांची सुटका केली. लोहिया त्यावेळी लोकसभेचे सदस्य होते. बाबासाहेबांशी १९५६ साली त्यांचा पत्रव्यवहार झाला होता, भेट मात्र राहून गेली. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्याला त्यांना मध्यरात्री पकडण्यात आले तेही याच भारत संरक्षण नियमांखाली. जिल्हा दंडाधिकाऱ्याने आदेशात लिहिले की 'कायदा व सुव्यवस्था' राखण्यासाठी यांना अडकवणे आवश्यक आहे. नियमात शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था'. दोन शब्दांचा काय तो फरक, असे कोणी म्हणेल. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तो फरक एकात एक काढलेल्या तीन वर्तुळांनी समजावून सांगितला. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले, सर्वांत लहान, ते राज्याच्या सुरक्षिततेचे. चौकात दोघे हातघाईवर आले तर कायदा-सुव्यवस्था बिघडते, पण म्हणून देशाचे संरक्षण धोक्यात येत नाही. पहिल्या वर्तुळातल्या गोष्टीसाठी आतल्या वर्तुळातले हत्यार उपसता येत नाही.

युद्ध ऐन भरात असताना, देशात आणीबाणी असताना, न्यायालयाने सलग दोन दिवस शासनाला सांगितले की तुझ्या कागदावर जे लिहिले आहे त्याच्या बाहेर तू जाऊ शकत नाहीस. याने लाहोरच्या आघाडीवर एका जवानाच्या हातातली बंदूक गळून पडली काय? आज 'युद्धाच्या काळात प्रश्न विचारू नका' असे दटावणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मात्र या दोन निकालांवरून त्या काळी न्यायालये फार जागी होती असा समज कोणी करून घेऊ नये. हे दोघे सुटले ते एका अरुंद फटीतून. ती फट किती अरुंद होती हे कळण्यासाठी थोडा कायदा सांगावा लागेल, वाचकांनी कंटाळू नये.

चिनी सैन्याने २० ऑक्टोबर १९६२ रोजी हल्ला केला. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी संविधानाच्या कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर केली आणि त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला. आणीबाणी जाहीर होताच कलम ३५८ प्रमाणे कलम १९ ची स्वातंत्र्ये, म्हणजे बोलणे, सभा भरवणे, संघटना करणे, देशभर फिरणे, यांची ढाल आपोआप खाली पडली. त्यासाठी वेगळा आदेशही लागत नव्हता. मग ३ नोव्हेंबरला कलम ३५९ खाली आदेश निघाला की भारत संरक्षण नियमांखाली पकडलेल्या माणसाला कलम २१ आणि २२ च्या आधारे न्यायालयात जाता येणार नाही. आठच दिवसांत त्यात कलम १४ ची, म्हणजे समतेच्या हक्काची भर पडली. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ज्या न्यायालयात जाण्याच्या हक्काला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते, त्या हक्काच्याच दारावर कुलूप लागले.

या कुलपाविरुद्ध पंजाब आणि महाराष्ट्रातील स्थानबद्धांची अपिले एकत्र ऐकली गेली. २ सप्टेंबर १९६३ च्या माखनसिंग खटल्यातील बहुमताचा निकाल आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला. मूलभूत हक्काच्या नावाने दार ठोठावता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. पण आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, किंवा ज्या कायद्याखाली काढला त्या कायद्याच्याच शब्दांत बसत नसेल, तर ऐकता येईल, एवढी फट त्यांनी ठेवली. लोहिया या फटीतून बाहेर आले. ज्यांच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने नियमातले शब्द बिनचूक उतरवून काढले, ते आत राहिले.

आता तारखा पाहा. चीनने २१ नोव्हेंबर १९६२ रोजी एकतर्फी शस्त्रसंधी केली. युद्ध चालले एक महिना. पाकिस्तानबरोबरचे युद्ध २३ सप्टेंबर १९६५ रोजी थांबले, १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला करार झाला. आणि आणीबाणी कधी उठली? १० जानेवारी १९६८ रोजी, ताश्कंद करारानंतर बरोबर दोन वर्षांनी! एकूण सव्वापाच वर्षे हा देश कागदोपत्री युद्धात होता. या काळात दोन पंतप्रधान वारले, एक सार्वत्रिक निवडणूक झाली, शाळेत गेलेली मुले पाचवीला पोचली, पण कलम १९ झोपलेलेच राहिले.

या सव्वापाच वर्षांत सर्वांत जास्त भोगले ते कोणी? त्यांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पोंग येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून आगगाडीने राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन डांबण्यात आले. त्यात म्हातारे होते, बायका होत्या, पाळण्यातली मुले होती. कित्येकांना चिनी भाषाही धड येत नव्हती. काही लोक १९६७ पर्यंत तिथेच होते. त्यांचा गुन्हा काय? १९६२ साली परकीयांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून असे ठरवले गेले की ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा कधीकाळी शत्रुदेशाचे नागरिक होते, त्यालाही परकीय समजून वागवता येईल. म्हणजे आजोबाचे गाव पाहून नातवाला अटक!

जन्मावरून गुन्हा ठरवण्याची ही रीत या देशाला कोणी परकीयाने शिकवली असे म्हणता येत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा त्यांना इथल्या जातिव्यवस्थेत त्याचा आराखडा तयारच सापडला. पारधी, भामटा, कैकाडी अशा जमातींची पोरे तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये जन्मली आणि तिथेच हजेरी देत म्हातारी झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. जेमतेम दहा वर्षे उलटली तोच देवळीची छावणी भरली. अमेरिकेनेही १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना असेच डांबले होते. पण तिथे १९८८ साली कायदा करून माफी मागण्यात आली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर देण्यात आले. देवळीच्या लोकांसाठी आपल्या संसदेने असा कायदा केलेला नाही.

आता आमच्या चळवळीकडे येऊ. ६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. लाखावर माणसे तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरे घेऊन गेल्या. हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. परंतु हे सारे आणीबाणीत घडले, ही गोष्ट आपणही विसरून गेलो आहोत. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाने दिला होता, आणि नेमका तोच त्या दिवशी न्यायालयात मागता येत नव्हता. चीनचे सैन्य परत जाऊन दोन वर्षे झाली होती. पडीक जमीन मागणाऱ्या बायाबापड्यांपासून देशाच्या संरक्षणाला कोणता धोका होता? आमच्या माणसांनी ढाल नाही हे माहीत असून सत्याग्रह केला की ठाऊक नसल्यामुळे केला, हे विचारायला आज त्या पिढीतले फार थोडे उरले आहेत. ठाऊक असते तरी ते थांबले नसते, असे आम्हाला वाटते.

येथे आमचे विरोधक एक बोट आमच्याकडे दाखवतात, त्याचे उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, आणीबाणीची कलमे संविधानात कोणी आणली? तुमच्याच बाबासाहेबांनी ना? होय, मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ती कलमे त्यांनीच मांडली आणि त्यांचे समर्थनही केले. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी स्पष्टच सांगितले की हे संविधान शांततेच्या काळात संघराज्य म्हणून चालेल आणि युद्धकाळात एकसंध राज्य म्हणून चालेल. ऑगस्ट १९४९ मध्ये मूलभूत हक्क स्थगित करण्याचे कलम मंजूर झाले तेव्हा ह. वि. कामत यांनी तो लाजेचा आणि दुःखाचा दिवस म्हटले. आज मागे वळून पाहता कामतांचे भय खोटे ठरले नाही, हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही. बाबासाहेबांनीच आम्हाला चिकित्सा शिकवली.

(आपल्या सभांतून एक गोष्ट सर्रास सांगितली जाते की ही कलमे कधीच वापरली जाणार नाहीत, ती मृत अक्षरे राहतील असे बाबासाहेब म्हणाले होते. ते म्हणाले होते, पण ते राज्यांत राष्ट्रपती राजवट आणण्याच्या कलमांविषयी, ४ ऑगस्ट १९४९ रोजी. युद्धाच्या आणीबाणीविषयी नव्हे. वक्त्यांनी एवढी काळजी घ्यावी, कारण समोर बसलेला एखादा जाणकार हे पकडतो आणि मग बाकीचे खरे बोलणेही वाया जाते.)

बाबासाहेबांना युद्धकाळातील शासन आतून माहीत होते. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. नाझींचा पराभव ही जगातल्या सर्व पददलितांची गरज आहे अशी त्यांची भूमिका होती. त्याच काळात इंग्रजांचे भारत संरक्षण नियम जोरात होते. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा २६ क्रमांकाचा नियमच बेकायदेशीर ठरवला, तर सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो पुन्हा जिवंत केला. तेव्हा वॉरंट काढणारे हात कसे चालतात हे बाबासाहेबांनी जवळून पाहिले होते. म्हणूनच संविधान सभेत त्यांनी नुसते अधिकार दिले नाहीत, त्यांना वेसण घालण्याचा जमेल तेवढा प्रयत्न केला. कलम २१ मधून 'उचित कार्यपद्धती'चे तत्त्व गळाले. १३ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोडला होता. पण ती बोच त्यांच्या मनात राहिली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी आजचे कलम २२ मांडताना, गमावलेल्या संरक्षणाची ही भरपाई आहे असे त्यांनी उघडपणे सांगितले. पकडलेल्याला कारण कळले पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभे केले पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धता मात्र त्याच कलमात शिरली, आणि तिथेच बसून राहिली. शांततेच्या काळातही विनाचौकशी डांबण्याची सोय संविधानातच लिहून ठेवणारे लोकशाही देश जगात फार नाहीत.

दुसरी आणीबाणी ३ डिसेंबर १९७१ ची. बांगलादेशाचे युद्ध तेरा-चौदा दिवसांत संपले, डिसेंबर १९७१ मध्येच. ती आणीबाणी उठली २७ मार्च १९७७ रोजी. पुन्हा सव्वापाच वर्षे! लोकांना २५ जून १९७५ ची आणीबाणी तेवढी आठवते, कारण तेव्हा मोठमोठे नेते आणि संपादक आत गेले. पण त्या रात्री देशात आधीपासूनच एक आणीबाणी चालू होती, तिच्यावर ही दुसरी चढवली गेली. दलित पँथर १९७२ साली जन्मली. वरळीची दंगल जानेवारी १९७४ ची. भागवत जाधव त्याच महिन्यात मोर्चात मारले गेले. म्हणजे पँथरचे सारे धगधगते दिवस युद्धाच्या आणीबाणीत गेले, ज्या युद्धात शत्रूने डिसेंबर १९७१ मध्येच शस्त्रे खाली ठेवली होती. आमच्या पोरांना सभा घेण्याचा हक्क नव्हता, हे मध्यमवर्गाच्या लक्षात आले ते तब्बल साडेतीन वर्षांनी, त्यांच्या दारावर थाप पडली तेव्हा.

१९७१ साली केलेल्या भारत संरक्षण कायद्याचे १९७५ साली काय झाले हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या नावात 'अंतर्गत सुरक्षा' हे शब्द घालण्यात आले आणि बाहेरच्या शत्रूसाठी केलेला कायदा घरातल्या माणसांवर सोडण्यात आला. शहा आयोगाच्या आकडेवारीप्रमाणे आणीबाणीत एकूण १,१०,८०६ लोक पकडले गेले. त्यातले मिसाखाली ३४,९८८, आणि या नव्या नावाच्या संरक्षण नियमांखाली ७५,८१८. मिसाची सर्वत्र चर्चा होते, पण दुपटीहून अधिक माणसे युद्धाच्या कायद्याने आत गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धाला कोणतेच दार नाही असे सांगून गजेंद्रगडकरांची ती अरुंद फटही बुजवली. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी, अधिकृतपणे मान्य केले.

यावर कोणी म्हणेल, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे सारे बंद झाले. काही अंशी ते खरे आहे. आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, एक महिन्यात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी लागते, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले, मे २०२५ मध्ये चार दिवस पाकिस्तानशी लढाई झाली, दोन्ही वेळा आणीबाणी जाहीर झाली नाही.

पण ती जाहीर करण्याची गरजच उरली नाही, असे आमचे म्हणणे आहे. चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली, सोळाव्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांत 'भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता' हे शब्द आले. त्या शब्दांवर उभा राहिलेला बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजेच आजचा यूएपीए, याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ३० डिसेंबर १९६७ रोजी. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. मध्ये अकरा दिवसांचे अंतर! युद्धाची आणीबाणी मागच्या दाराने निघून जाण्याआधी पुढच्या दारातून हा कायदा आत येऊन बसला होता. मूळचा तो फुटीर संघटनांवर बंदी घालण्यापुरता होता. २००४ साली पोटा रद्द करताना पोटातील दहशतवादाची कलमे त्यात आणून घातली, २००८ साली जामीन जवळजवळ अशक्य केला, २०१९ साली संघटना नसलेल्या एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवण्याची सोय केली. दुरुस्त्या वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटींत झाल्या. कोणा एका पक्षाला शिव्या घालून आपली सुटका होणार नाही.

बाबासाहेबांचे नातजावई, विचारवंत आनंद तेलतुंबडे यांनी याच कायद्याखाली १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, स्वतःला तपास यंत्रणेच्या हवाली केले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, ते जामिनावर बाहेर आले. दहशतवादी कृत्यात त्यांचा सहभाग दाखवणारा पुरावा प्रथमदर्शनी दिसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना म्हटले. पण ते म्हणेपर्यंत एकतीस महिने निघून गेले होते. खटल्याच्या गुणदोषांवर आम्ही येथे काही बोलत नाही. संझगिरींना तुरुंगात टाकायला १९६२ साली एका युद्धाची गरज लागली होती, एवढेच लक्षात आणून देतो. मे २०२५ च्या लढाईनंतर प्राध्यापक अली खान महमूदाबाद यांना समाजमाध्यमावरील मजकुराबद्दल १८ मे रोजी अटक झाली आणि तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. तेव्हा शस्त्रसंधी होऊन आठवडा उलटला होता.

लोहियांचा निकाल मात्र अजून जिवंत आहे, आणि तो आम्हा वकिलांना कुठे उपयोगी पडतो ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्ती यांना विनाखटला वर्षभर स्थानबद्ध करण्याचा. एम.पी.डी.ए. या नावाने तो आपल्या वस्त्यांत सर्वांना माहीत आहे. त्याच्या आदेशात नावे कोणाची असतात, हे आम्ही सांगायला नको. आम्ही अशी प्रकरणे हाती घेतो तेव्हा आदेशाचा कागद प्रथम शब्द शब्द वाचतो. चाळीत झालेल्या भांडणाचे दोन गुन्हे, नाव गुप्त ठेवलेल्या दोन साक्षीदारांचे जबाब, आणि खाली सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात आल्याचे ठरलेले वाक्य. मग आम्ही उच्च न्यायालयात हिदायतुल्लांची तीन वर्तुळे काढून दाखवतो आणि पुष्कळदा आदेश रद्द होतो. तोवर सहा-आठ महिने पोरगा आत असतो, त्याची रोजी बुडालेली असते. ज्यांच्या घरी वकिलाकडे येण्याइतके पैसे नसतात, ते वर्ष भरून बाहेर येतात.

या ठिकाणी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचा एक तुकडा उपयोगी पडला असता. तिच्या तिसऱ्या कलमाने संविधानाचे कलम २२ बदलले होते. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीनऐवजी दोनच महिने ठेवता येईल. ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमले जाईल. त्याचा अध्यक्ष सेवेतील न्यायाधीश असेल आणि बाकीचे सभासद आजी किंवा माजी न्यायाधीश असतील. संसदेने हे मंजूर केले, १९७९ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. बाकीची दुरुस्ती लागू झाली. हे तिसरे कलम लागू करण्याची तारीख केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर करायची होती. ती तारीख आजपर्यंत जाहीर झालेली नाही. १९८१ साली ए. के. रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाराजी दाखवली, पण तारीख जाहीर करा असा हुकूम देता येत नाही असे सांगून हात आवरता घेतला. तेव्हापासून जनता पक्ष सोडून जवळजवळ सर्व रंगांची सरकारे दिल्लीत येऊन गेली. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, मतदान लागत नाही.

राखीव जागांवर निवडून गेलेले आपले खासदार लोकसभेत आहेत. त्यांच्यापैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकून ही तारीख विचारावी. प्रश्नाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी तो घेऊन जावा.